नळी काढल्यावर

प्रोस्टेटच्या ऑपरेशननंतर लघवीची नळी आणि पिशवी सांभाळत घरात वावरताना, हे लचांड कधी सुटतंय असं मला झालं होतं. काल दवाखान्यात नळी काढली. आज सकाळी खुर्चीतून उठलो तर लेंगा ओला. मला काहीच कळलं नव्हतं. मी त्या ओलीकडे बघतच राहिलो. हे माझंच, मग मला न विचारता कसं झालं? इतकी वर्षं शरीर माझं ऐकत होतं, की मीच त्याचं ऐकत होतो? काही उलगडेना.

"अहो, काय झालं?" बायकोनं विचारलं.

मी हातातलं वर्तमानपत्र पुढे धरलं. "पाणी सांडलं."

तिनं कपाटातून धुतलेला लेंगा आणि पॅड आणून दिलं. "डॉक्टर म्हणालेत ना, हळूहळू ताबा येईल. माझ्या गुडघ्याच्या ऑपरेशननंतर तुम्ही मला आंघोळ घालायचात, तेव्हा मी लाजले का?"

"लाजली होतीस."

"हो, लाजले होते खरी," म्हणत ती हसली. मलाही हसू फुटलं आणि त्या हसण्यानं पुन्हा थोडी लघवी गळाली. या वेळी मात्र ते मला कळलं. त्याचा आनंद मानावा की वाईट वाटून घ्यावं, हे काही कळेना.