सापडलं म्हणजे काय
कपाट आवरताना यंत्र कॉम्प्युटरला जोडायची जुनी करडी सिरीयल केबल हाती लागली आणि जळकोटकडची दुष्काळातली एक दुपार आठवली. मी आणि माझे साहेब तिथल्या एका बोअरमध्ये सोडलेल्या, पाण्याची पातळी मोजणाऱ्या यंत्रातल्या नोंदी लॅपटॉपवर उतरवायला गेलो होतो. तापलेल्या मातीचा वास नाकात बसला होता. केबल जोडली, तरी लॅपटॉपवरच्या जोडलेल्या यंत्रांच्या यादीत काहीच दिसेना. साहेब केबल काढून घालत, पुन्हा शोधत. शेजारी बसलेली एक बाई सारखी विचारत होती, “घावलं का वो?” शेवटी यादीत एक नाव उमटलं आणि साहेब ओरडले, “सापडलं!” बाई उठून गल्लीकडं पळाली. “पाणी घावलं गं!” बायका घागरी घेऊन धावत आल्या. साहेबांनी मान लॅपटॉपात घातली. मीच म्हणाले, “मावशी, पाणी नाही हो, कॉम्प्युटरला यंत्र सापडलं.” ती म्हणाली, “मंग त्या यंत्राला इचारा की, पाणी कुठं गेलं.” नोंदी उतरत होत्या, पातळी दर नोंदीला खाली गेलेली दिसत होती. घागरी घेऊन बायका तशाच उभ्या होत्या.