आत्याच्या सहाशे खराब बाटल्या

आमच्या घरात दोघांची नाकं प्रसिद्ध होती. बाबांचं, कारण ते कायम वर असायचं. आणि आत्याचं, कारण ते कधी चुकायचं नाही.

आजोबांनी लावलेल्या मळ्यातल्या द्राक्षांची आम्ही फेसाळती वाइन करतो. मळा आणि पाहुणे बाबांकडे, तळघर आत्याकडे. ती बाबांपेक्षा चार वर्षांनी मोठी. लग्नाच्या भानगडीत पडली नाही. स्वेटरवर स्वेटर चढवून दिवसभर त्या थंडीत वावरायची. तिथे वाइन बाटलीत पुन्हा आंबते, फेस धरते आणि वर्षानुवर्षं आडवी पडून राहते.

शार्डोनेच्या पांढऱ्या द्राक्षांची वाइन इतर दोन जातींच्या वाइनमध्ये मिसळायची, हा आजोबांपासूनचा शिरस्ता. नुसती शार्डोने कुणी विचारणार नाही, असं बाबांचं ठाम मत. पण एका वर्षी वरच्या खडकाळ तुकड्यातली शार्डोने आत्याने पिंपातून चाखली आणि तिचा जीव त्या वाइनमध्ये अडकला. ही वेगळी ठेवू या, असं तिने बाबांना दोनदा सांगून पाहिलं. दोन्ही वेळा ते "बघू" म्हणाले आणि निघून गेले.

मग तिने वाद घालणंच सोडलं. गुपचूप ती वाइन सहाशे बाटल्यांत भरली, तळघराच्या पार टोकाला रचली आणि पाटी लावली : 'खराब. हात लावू नये.' खराब मालाचं बाबांना तोंडही बघवत नसे. चार वर्षं तिकडे कुणी फिरकलं नाही.

त्यानंतर नवं यंत्र यायचं ठरलं आणि बाबांना नेमकी तीच जागा हवी झाली. नाश्त्याला ते सहज म्हणाले, की दुपारी माणसं येऊन तो खराब माल ओतून टाकतील. आत्याने कप खाली ठेवला.

"आधी माझ्याबरोबर खाली चल," ती म्हणाली.

काही बाटल्या तिने महिनाभर रोज थोड्या थोड्या फिरवून उलट्या उभ्या केल्या होत्या, म्हणजे गाळ मानेशी जमतो. त्यातली एक तिने उघडली. फेसाबरोबर गाळ उडाला तो थेट बाबांच्या इस्त्रीच्या शर्टावर. त्यांनी पहिला घोट रागातच घेतला. मग ते तिथल्याच एका खोक्यावर बसले आणि ग्लास पुन्हा पुढे केला.

"काय आहे हे, ताई?"

"शार्डोने. नुसती."

"आणि ती पाटी?"

"ती तुझ्यासाठी होती."

बाबांची मोठी पंचाईत झाली. राग तर आला होता, पण ग्लास सोडवत नव्हता. चार वर्षं खोटं बोलताना काही वाटलं नाही का, असं त्यांनी विचारलं. आत्या म्हणाली, वाटायचं ना, तू समोर आलास की वाटायचं; म्हणून तर मी खालीच बसायचे.

यंत्र गोदामात गेलं. बाटल्या वर्षाच्या आत संपल्या. नुसती शार्डोने करून बघायचं फार दिवस मनात होतं, असं बाबा पाहुण्यांना सांगायचे आणि आत्या मागे उभी राहून ग्लास पुसायची. राग नाही येत का, मी एकदा विचारलं. ती म्हणाली, तो वर बोलत असतो तेवढा वेळ खाली शांतता असते.

पुढच्या तोडणीला बाबा आपणहून जिना उतरून आले आणि यंदा किती पिंपं वेगळी ठेवायची, असं विचारलं. आत्याला तीन हवी होती, म्हणून तिने पाच सांगितली. बाबा लगेच हो म्हणाले. जास्तीच्या दोन पिंपांना जागा शोधण्यात तिचा सबंध आठवडा गेला.