फॉर्मवर खोडलेलं ‘सी’

दादाच्या तेरवीला दारात चपला-बुटांचा ढीग साचला आणि मोज्यांच्या त्या वासाने मला गोंदियाच्या कॉम्प्युटर क्लासच्या दाराशी नेलं. तिथेही जोडे बाहेरच काढावे लागत.

साल २००३. आधी शिकायची भाषा म्हणून मी फॉर्मवर ‘सी’ लिहिलं. दादाने पेन हिसकून ते खोडलं.

“सी कायले? व्हिज्युअल बेसिक शिक. लवकर काम भेटते.”

“दहावीत दोनदा नापास झाला तू. तुले काय समजते यातलं?” मी सगळ्यांसमोर म्हणाले.

सर हसले. “भैया, बहन तेज है.”

“कर मंग तुह्या मनानं,” म्हणत दादा जिना उतरला. मला मागे बसवून त्याने आमच्या बिरसी गावापर्यंत सायकल दामटली. त्यानंतर आम्ही कामापुरतंच बोलत राहिलो.

आज त्याची मुलगी माझ्याजवळ येऊन बसली.

“आत्या, कॉम्प्युटरची कोणती भाषा आधी शिकू? बाबा म्हणत होते, आत्यालेच विचार, मले काय समजते यातलं.”

माझंच वाक्य त्याने इतकी वर्षं जपलं होतं. मला रडू आलं नाही, रागच आला. भांडायला तो आता समोर नव्हता.