नामदिवसाला बोलावणं लागत नाही

विहीणबाई गेल्या. फ्रीमाँटमधलं त्यांचं घर सूनबाई हळूहळू आवरते आहे. काल तिने त्यांच्या स्वयंपाकघरातली केशराची डबी मला आणून दिली. ती मीच त्यांना पुण्याहून आणून दिली होती. तळाशी थोड्या काड्या उरल्या आहेत. डबी समोर ठेवूनच हे लिहिते आहे.

यजमान गेल्यावर मुलाने मला अमेरिकेत, सनीव्हेलला आणलं. रविवारी दुपारी आम्ही विहीणबाईंकडे जेवायला जात असू. त्या घरात एक नियम होता: जेवणाच्या टेबलावर फक्त लॅटव्हियन बोलायचं. युद्धाच्या शेवटी रशियन फौजा लॅटव्हियात शिरल्या, तेव्हा त्यांचे आईवडील तान्ह्या लेकीला घेऊन बोटीने निघाले, काही वर्षं जर्मनीतल्या निर्वासितांच्या छावणीत राहिले आणि मग अमेरिकेत आले. नियम छावणीतला होता. तिथे टेबल नव्हतं, एक उपडी पेटी होती, असं सूनबाई सांगते. देश मागे राहिला. भाषा तरी ताटाजवळ राहावी.

इतकी वर्षं तिथे जेवून माझ्या मुलाला ‘पाव इकडे द्या’ आणि ‘पुरे, धन्यवाद’ एवढंच येत होतं, आणि तेवढ्यावर त्याचं भागत होतं. मला तेही येत नव्हतं. सुरुवातीला ते बरंच वाटलं. दुःखातल्या माणसाला सगळे बोलतं करायला बघतात. त्या टेबलावर माझी त्यातून सुटका होती. विहीणबाईंचं लक्ष मात्र माझ्या ताटलीकडे असे. त्यांच्याकडे मांस भरलेले छोटे पाव करतात. माझ्यासाठी त्या कोबीचे वेगळे करत आणि ओळखू यावेत म्हणून वरून काट्याने टोचून ठेवत.

एका रविवारी नात टेबलावर काहीतरी बोलली. सगळ्यांचे चेहरे मऊ झाले, विहीणबाईंनी डोळे टिपले. मीही हसले, इतरांकडे बघून. परतताना गाडीत मी सूनबाईला विचारलं. ती जरा घुटमळली, मग म्हणाली, “आई, ती म्हणाली, आजी बोलत नाही, कारण आजोबा जाताना तिचे शब्द घेऊन गेले.”

माझ्यासमोर यजमानांचा विषय निघाला आणि मला कळलाही नाही, हे मनाला लागलं. त्याच टेबलावर, त्याच भाषेत, त्यांच्याबद्दल एक तरी वाक्य आपण बोलायचं, असं मी ठरवलं.

भाषेला मी भीत नाही. मी बेळगावात वाढले. वडील सीमाप्रश्नाच्या मोर्च्यांना जात, आणि मी शेजारच्या काकूंच्या ओट्यावर बसून त्यांच्याकडून कन्नड शिकत असे. वडिलांना ते ठाऊक होतं. ते एवढंच म्हणाले होते, “शीक. पण कचेरीत ती आपल्यावर लादतात, हे विसरू नकोस.” दोन्ही गोष्टी माझ्या मनात कधी भांडल्या नाहीत.

आमच्याच अपार्टमेंटमध्ये रीगाहून आलेल्या एक बाई मुलाकडे राहत होत्या. मुलगा चिप बनवणाऱ्या कंपनीत. तिकडे त्या शाळेत गाणं शिकवायच्या, म्हणून मनातल्या मनात मी त्यांना गाण्याच्या बाई म्हणू लागले. त्या रशियन बोलणाऱ्या. जन्म रीगाचा, पण देश स्वतंत्र झाल्यावर नागरिक होण्यासाठी त्यांना लॅटव्हियनची परीक्षा द्यावी लागली. त्यांच्या आईने दिली नाही. ती कुठल्याच देशाची नागरिक नसताना वारली. थोरल्या बहिणीने पेन्शनसाठी रशियाचं नागरिकत्व घेतलं होतं. युक्रेनचं युद्ध सुरू झाल्यावर अशा म्हाताऱ्यांनाही परीक्षा आली: पास व्हा, नाहीतर देश सोडा. गाण्याच्या बाई सकाळी तिला फोनवर शिकवत आणि संध्याकाळी लाँड्रीजवळच्या बाकावर मला. म्हणत, “दोघींत तुमचं बरं. तुम्हाला नापास व्हायची भीती नाही.”

हे सगळं न्यायाचं आहे का, असं मी एकदा विचारलं. भाषा लहान आहे, जपली नाही तर संपेल, तेव्हा सरकारचं बरोबर, असं त्या म्हणाल्या. बहीण शब्द पाठ करताना रडते, तिचंही बरोबर. मग त्यांनी मला मुलांचं एक गाणं शिकवलं, आणि ते म्हणताना त्यांचा चेहरा उजळला.

माझं वाक्य तयार झालं. ते असं: माझे यजमान सकाळी चहात पाव बुडवत, आणि वाचता वाचता पेपरही बुडवत. विनोद त्यांचाच आहे, मी फक्त भाषा बदलली.

रविवारी पावाची टोपली माझ्याकडे आली तेव्हा मी सुरुवात केली. नात खुर्चीवर गुडघे टेकून उभी राहिली. मी वाक्यातल्या पावापर्यंत पोहोचले आणि विहीणबाईंनी काटा खाली ठेवला.

“तुम्हाला कोण शिकवतं?”

मी सांगितलं. माझ्या उच्चारांत रीगातल्या रशियन घरांचा सूर आला होता. मला तो ऐकू येत नव्हता, त्यांना पहिल्या शब्दापासून आला. त्या इंग्रजीत बोलल्या. त्या टेबलावर त्यांना इंग्रजी बोलताना मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. “माझ्या मामाला सैबेरियात नेलं, तेव्हा दार ठोठावणारे असंच बोलत होते, असं आई सांगायची.” आवाज चढला नव्हता. मग त्यांनी मला कोबीचा पाव वाढला. पेपरचा भाग राहून गेला.

गाण्याच्या बाईंना मी हे सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, “मी ह्याच सुरात पास झाले होते.” शिकवणं थांबवलं नाही, पण उच्चार सुधारताना त्यांचा आवाज बारीक होऊ लागला.

लॅटव्हियन कॅलेंडरात रोज कुणाच्या ना कुणाच्या नावाचा दिवस असतो. ज्याचं नाव, त्याने कॉफी आणि केक तयार ठेवायचा. विहीणबाईंचा नामदिवस आठवड्याच्या मध्येच आला. मुलगा आणि सूनबाई ऑफिसात, आणि मला गाडी येत नाही. गाण्याच्या बाई म्हणाल्या, मी सोडते. वाटेत दुकानातून मी डझनभर पिवळे गुलाब घेतले. विहीणबाईंच्या दाराशी गाडी थांबवून त्यांनी गुच्छाकडे पाहिलं, एक गुलाब हळूच ओढून काढला आणि कप ठेवायच्या खाचेत उभा केला.

“सम संख्या मेलेल्यांना,” त्या म्हणाल्या. “जिवंत माणसाला विषम.”

मला आमची आहेराची पाकिटं आठवली, वर एक रुपया ठेवलेली. मी म्हटलं, तुम्ही पण चला ना. मला वाटलं, नाही म्हणतील. त्यांनी आरशात बघून केस सारखे केले. “नामदिवसाला बोलावणं लागत नाही,” त्या म्हणाल्या. “ज्याला आठवण असेल त्याने जायचं. आणि आलेल्याला कोणी परत पाठवत नाही. मीही तिथलीच आहे.”

विहीणबाईंनी दार उघडलं. त्यांची नजर फुलांवरून फिरली, तिथे जरा थांबली, मग माझ्यावर, मग माझ्यामागे उभ्या असलेल्या बाईंवर. गाण्याच्या बाईंनी शुभेच्छा दिल्या, त्याच सुरात.

“एक काढलं कोणी?” विहीणबाईंनी मला विचारलं.

मी मागे बोट दाखवलं.

त्या दारातून बाजूला झाल्या. “या. कॉफी निवते आहे.”

टेबलावर माझ्या केशराचा पिवळाधमक गोड पाव होता, वेटोळ्याच्या आकाराचा, वर बदाम. दोघी एकमेकींशी फार जपून बोलत होत्या. विहीणबाईंच्या तोंडात आईवडिलांचे जुने शब्द होते. मध्येच गाण्याच्या बाई म्हणाल्या, “तुम्ही अगदी माझ्या पियानोच्या शिक्षिकेसारखं बोलता. असं बोलणारं आता तिथे कोणी उरलं नाही.” विहीणबाईंना ते आवडलं की नाही, हे कळलं नाही. त्यांनी दुसरा तुकडा वाढला. सैबेरियाचा विषय दोघींनी काढला नाही. त्या दिवशीही नाही आणि पुढेही कधी नाही.

मग त्या माझ्याकडे वळल्या. “तुमचं वाक्य अर्धं राहिलं होतं. पाव बुडवत. पुढे?”

मी पुढचं सांगितलं. आधी गाण्याच्या बाई हसल्या, त्यांना ते पाठच होतं. मग विहीणबाई हसल्या, आणि हसता हसता माझा एक उच्चार त्यांनी सुधारला. “घरी जाऊन हिलाही शिकवा,” त्या मला म्हणाल्या. गाण्याच्या बाईंनी तो उच्चार तिथेच करून दाखवला.

त्यानंतर रविवारी टेबलाला एक खुर्ची जास्त असे.

अंत्यविधीला आम्ही दोघी एकत्र गेलो. वाटेत त्याच दुकानातून मी डझनभर गुलाब घेतले. पार्किंगमध्ये सवयीने गुच्छ गाण्याच्या बाईंसमोर धरला. त्यांनी तो घेतला, कागद नीट केला आणि तसाच माझ्या हातात परत दिला.