नोंद हाय, सुई न्हाई

शेवंतामावशी गेल्याचं मला कामशेतच्या बाजारात कळलं. आमच्या गावच्या आरोग्य उपकेंद्रातली आताची सिस्टर तांदळाच्या दुकानाबाहेर भेटली आणि म्हणाली, "ताई, मावशी मंगळवारी गेल्या, झोपेतच. तुम्हाला कुणी कळवलं नाही का?" केनियातून परतून आम्हाला चार महिने झाले होते. 'या रविवारी जाऊ, पुढच्या रविवारी जाऊ' असं करत मी एकदाच तिच्याकडे जाऊन आले होते... त्या भेटीत तिनं चहा दिला आणि तासभर एकच गोष्ट विचारत राहिली. तिकडच्या दवाखान्यात सुई टोचल्यावर लेकरू रडलं, की नर्स त्याला काय म्हणून उगी करते? मला सांगता आलं नाही. "एवढी वर्सं राहिलीस, आन ऐकलं न्हाईस?" तिला खरोखर नवल वाटलं होतं.

ती माझी सख्खी मावशी नव्हती. पवना नदीकाठच्या आमच्या गावात ती नर्स म्हणून आली आणि निवृत्त झाल्यावरही तिथंच राहिली. आधी सगळे तिला सिस्टर म्हणत, पुढं कधीतरी ती मावशी झाली. लग्न केलं नव्हतं. लशींची थंड पेटी खांद्याला लावून वाडीवस्तीवर चालत जायची आणि दारात बसून आधी चौकशा करायची. बाळ कुठल्या कुशीवर झोपतं, म्हशीचं दूध कधी चालू केलं, आजीनं काजळ कशाचं पाडलं... पुष्कळ बायकांना तो भोचकपणा वाटे. माझी आई म्हणायची, "हिला सुई टोचायला पाच मिनिटं लागतात आन इचारायला अर्धा दिस." मला मात्र लहानपणापासून तिचं ते विचारणं आवडायचं, कारण उत्तर ऐकताना ती हातातलं काम थांबवायची.

माझी मुलगी सई माझ्या माहेरीच वाढली, म्हणजे पहिली दोन वर्षं. मी तळेगावच्या कारखान्यात नोकरीला, नवरा चाकणला, त्यामुळे तिच्या लशी सगळ्या मावशीच्याच हातच्या. सई साडेतीन वर्षांची असताना कंपनीनं मला नैरोबीला जाणार का विचारलं. अशी संधी आमच्या खात्यातल्या बाईला पहिल्यांदाच मिळत होती. मी लगेच हो म्हटलं, तिकिटं निघाली आणि मग कागदांची यादी आली. त्यात मुलीच्या लसीकरणाचं कार्ड होतं, तिथल्या बालवाडीला हवं म्हणून. शिवाय पिवळ्या तापाची लस आणि तिचा दाखला. घर बदलताना सईचं कार्ड कुठं गेलं ते देवाला ठाऊक. मी सुट्टी टाकून गावी गेले. मावशी निवृत्त होऊन जेमतेम वर्ष झालं होतं.

मी तिला सरळच म्हटलं, "मावशी, सगळ्या लशी तूच दिल्यास. नवं कार्ड भरून दे ना."

"देते की. पण वहीत बघून. डोक्यातलं लिहायचं न्हाई."

ती मला घेऊन उपकेंद्रात गेली. नव्या सिस्टरनं जुनं रजिस्टर काढलं. सईची ओळ सापडली आणि सगळ्या रकान्यांत बरोबरच्या खुणा होत्या. माझा जीव भांड्यात पडला. मावशीचं बोट मात्र गोवर-रुबेलाच्या दुसऱ्या डोसापाशी थांबलं. तिनं त्या दिवसाची वेगळी, हातानं लिहिलेली यादी मागवली. ती यादी धुळीनं माखलेल्या गठ्ठ्यात निघाली. त्यात सईच्या नावावर काट होती आणि पुढं बारीक अक्षरात 'ताप, परत पाठविले' असं लिहिलेलं होतं. मावशीनं दोन्ही कागद शेजारी ठेवून एकेक ओळ ताडून पाहिली.

"संध्याकाळी यादीवरनं मोठ्या वहीत खुणा करायचे मी. एक वळ खाली घसरले," ती म्हणाली. "ही चूक माझी हाय."

मला खरं तर त्या क्षणी तिची चूक नको होती, कार्ड हवं होतं. मी म्हटलं, "मावशी, नोंद आहे ना? मग तेवढं लिहून दे. तिथं गेल्यावर बघू. तिकीट काढलंय."

"नोंद हाय, सुई न्हाई," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "बालवाडीत गोवर काय कार्ड वाचून येतोय व्हय?"

दुसऱ्या दिवशी लसीकरणाचा वार होता. सईला राहिलेला डोस मिळाला. मावशीनं मोठ्या डॉक्टरांसमोर लाल शाईनं ती खूण दुरुस्त केली आणि खाली स्वतःचं नाव लिहिलं. मग तिला पुढचा प्रश्न पडला. खूण एक ओळ घसरली, तर वरच्या ओळीतल्या पोराला सुई मिळाली पण खूण नाही, असं झालं असणार. ते कुटुंब आता इंदुरीला राहायला गेलं होतं. ती दोन बस बदलून तिकडे गेली आणि त्या आईला सांगून आली. मी म्हटलं, फोन केला असता. तर म्हणे, "चूक कबूल करायला समोर जावं लागतं."

इकडे माझं गणित बिघडलं. पिवळ्या तापाची लस देणाऱ्या पुण्याच्या केंद्रात फोन केला तर तिथल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, गोवराची आणि पिवळ्या तापाची, दोन्ही लशी जिवंत जंतूंच्या. एकाच दिवशी दिल्या नसतील तर मध्ये चार आठवडे जाऊ द्या. शिवाय दाखला लागू व्हायला पुढचे दहा दिवस. म्हणजे जाणं लांबणार. साहेब म्हणाले, "फार लांबलं तर दुसऱ्या कुणाला पाठवावं लागेल." त्या दिवसांत मी मावशीवर रुसले होते, हे आज लिहिताना लाज वाटते... ती सही करून मोकळी झाली असती तर, एवढंच डोक्यात घोळत होतं. शेवटी साहेबांनी मुदत वाढवली, पण ते कळेपर्यंत मी तिला एक फोन केला नाही.

फोन तिनंच केला. "पुण्याला जाशील तवा मला ने. जलमभर टोचत आले, पण ती सुई म्या कवा बघितली न्हाई."

केंद्रात आम्ही तिघी गेलो. सई माझ्या मांडीवर आणि मावशी आमच्या शेजारी, डॉक्टरीणबाईंच्या हाताकडे टक लावून. त्यांनी विचारलं, "मुलगी अंडं खाते का? खाल्ल्यावर कधी पुरळ, सूज?" मावशी लगेच पुढं झाली. अंड्याचा काय संबंध? ही लस कोंबडीच्या अंड्यात वाढवतात, हे ऐकून ती इतकी खूश झाली, की मागची रांग खोळंबली याचं तिला भानच राहिलं नाही. मग तिनं तिचा खरा प्रश्न काढला. "बाई, डास तर आपल्याकडं बी हायेत. मग ह्यो ताप हितं का न्हाई?"

डॉक्टरीणबाई हातातलं थांबवून हसल्या. "आपल्याकडे तो अजून आलेला नाही, आणि का नाही, ते नक्की कुणालाच सांगता येत नाही. पण डास आहेत, म्हणूनच तर तिकडून येणाऱ्याचा दाखला आपण इतका काटेकोर बघतो."

परतताना कामशेतचा फाटा आला. मावशी गाडीत झोपलेल्या सईच्या केसांवरून हात फिरवत म्हणाली, "म्हंजी ही सुई हिच्या एकटीसाठी न्हाई. ही परत येईल, तवा आपल्या गावासाठी बी हाय." माझा रुसवा तिथं कधी संपला ते मला कळलं नाही.

नैरोबीत गेल्यावर बालवाडीच्या बाईंनी सईचं कार्ड घेतलं आणि प्रत्येक ओळीवर बोट ठेवून वाचलं. वर्षभरानं आमच्या भागात गोवर पसरला. बालवाडीची चिठ्ठी आली, ज्या मुलांचे दोन डोस झालेले नाहीत त्यांनी घरी थांबावं. सई शाळेत जात राहिली. मी त्याच दिवशी मावशीला फोन लावला आणि जे मनात होतं ते बोलून टाकलं, की तेव्हा तू माझं ऐकलं असतंस तर आज माझी झोप उडाली असती. तिनं ते ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. "आजारी पोरं केवढाली हायेत? नऊ महिन्यांच्या आतली, म्हंजी पहिली सुई बी न झालेली, किती?" तिनं मला ते विचारून यायला लावलं, आणि मी गेले. शेजारच्या दवाखान्यातल्या नर्सशी माझी ओळख झाली ती अशी. पुढं मावशीच्या फर्माइशीवरून तिथल्या बाळांच्या कार्डाचा फोटो पाठवला. जन्मल्याबरोबर क्षयाची लस, मग पोलिओ... "आपल्यासारखंच की," ती म्हणाली. तिच्या आवाजात दूरचं नातं सापडल्याचा आनंद होता.

मागच्या आठवड्यात तिच्या घरी गेले. पुतण्या खोली आवरत होता. भांडी बांधून झाली होती, गादी बाहेर उन्हात टाकली होती. निघताना दार ओढून घेतलं तेव्हा लक्षात आलं, दाराच्या बाहेरच्या बाजूला खडूनं काहीतरी लिहिलेलं आहे. अक्षरं बऱ्याचदा गिरवलेली दिसत होती. पुसट झाली की ती पुन्हा त्यावरूनच खडू फिरवत असणार. मी वाचतेय हे पाहून पुतण्या म्हणाला, "दाराला रंग द्यायचाय. पण कुणाचा हातच होत नाही."

दारावर लिहिलं होतं, 'दुपारची झोपलेली असते. कडेवर लेकरू असेल तर उठवा.'