अक्कांचं ‘पुरे’

अक्कांना रडू येत नसे. बंगळूरला बसवनगुडीतल्या आमच्या गल्लीत कुणी गेलं, की त्या कोरड्या डोळ्यांनी पिठलं-भात रांधून न्यायच्या, सगळ्यांना बळंच जेवायला घालायच्या आणि घरी यायच्या. लोक त्यांना दगड म्हणत. म्हणेनात बापडे!

निकाल मात्र सगळे त्यांचाच मानायचे. ताटातलं सारू असो, नवी सून असो की कीर्तन असो, पसंत पडलं तर ‘सरी’, नाही तर ‘पुरे’. एकदा राममंदिरात सीतात्याग सांगताना कीर्तनकारबुवा स्वतःच हुंदके देऊ लागले. अक्का पुढ्यातच बसलेल्या. “पुरे हो महाराज, रडायचं ते आम्ही बघतो,” म्हणाल्या. बुवा तिथेच गारठले.

अक्कांची एकुलती एक शांता विषमज्वरानं गेली. तिचे यजमान श्रीपतराव अक्कांकडेच राहत. गाणी तेच लिहायचे, चाली तेच लावायचे, गायचेही तेच. शांता गेल्यावर वर्षभर तिच्या मरणावर गाणी करत बसले आणि मद्रासला जाऊन त्यांच्या चार प्लेटी काढून आणल्या. तेव्हा गल्लीत प्लेटी वाजवायचा फोनो फक्त आमच्याकडे, म्हणून ऐकायला सगळे आमच्या घरी जमले. अक्का सरी म्हणाल्या तरच प्लेटी दुकानात देईन, असं श्रीपतरावांनी सर्वांसमक्ष सांगितलं.

गाणी काय विचारता! सारंगी काय, बासरी काय, मधूनमधून हुंदका. शेवटच्या प्लेटीत तर शांता स्वतःच मरता मरता म्हणते, ‘प्राणनाथा, निरोप द्या, पुढल्या जन्मी भेटू.’ बायकांनी पदरात तोंडं खुपसली. खोटं कशाला सांगू, मीही रडले. अक्का ताठ बसून ऐकत होत्या.

प्लेट थांबल्यावर त्या म्हणाल्या, “पुरे. श्रीपतराव, ही कोण बाई? आमची शांता जाताना काय म्हणाली? तुम्ही होता, ही होती.” ही म्हणजे मी.

श्रीपतराव प्लेट काढून कागदात गुंडाळू लागले, तशा अक्काच म्हणाल्या,

“स्वल्प पाणी द्या, म्हणाली. पाणी येईपर्यंत गेली.”

“ते गाण्यात कसं घालू, अक्का? कोण ऐकेल?”

“मग लोकांना रडवायला माझीच पोर कशाला हवी?”

महिन्याभरात श्रीपतरावांनी मद्रासला बिऱ्हाड केलं आणि प्लेटी बाजारात आणल्या. दिलेला शब्द गेला चुलीत. आणि लोकांनी त्या अशा डोक्यावर घेतल्या म्हणता! आपल्या माणसांच्या लग्नात, भर मांडवात लाउडस्पीकरवर शांता मरायची आणि अक्का भरल्या ताटावरून उठून जायच्या. माझा नुसता जळफळाट व्हायचा, पण कुणाकुणाचं तोंड धरणार?

पुढे म्हातारपणी अक्कांना विसर पडू लागला. मी रोज मऊ भात भरवायला जायची. एके दिवशी त्यांनी घास बाजूला सारून माझा हात धरला. शांता जाताना काय म्हणाली, ते ठाऊक आहे ना तुला, असं विचारू लागल्या. मला बरं वाटलं, म्हटलं एवढं तरी शाबूत आहे.

“प्राणनाथा, निरोप द्या, म्हणाली ग,” अक्का म्हणाल्या आणि ढसाढसा रडू लागल्या.

त्यांना रडताना मी पहिल्यांदाच पाहत होते. मी त्यांचे डोळे पुसले आणि उरलेला भात भरवला.

त्यानंतर लवकरच अक्का गेल्या. श्रीपतराव खरं सांगायचे नाहीत. म्हणून मी सांगते. शांतानं पाणी मागितलं होतं. ते आणायला मी गेले होते.