काशीत सोडलेली पुरणपोळी

तुमच्या धाकट्या आजीइतक्या कमी गोष्टी येणारी बाई अख्ख्या नगर जिल्ह्यात सापडायची नाही, आणि तिच्याइतकी निवांत बाईही सापडायची नाही. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल, असं मला सत्तरी गाठेपर्यंत वाटलं नव्हतं. मी इंग्रजी शाळेत शिकलेली, फडताळातले डबे उंचीप्रमाणे लावणारी. ती माझी धाकटी जाऊ, नेवाशाकडच्या खेड्यातून आलेली, संगमनेरला आमच्या शेजारच्याच घरात चार गाई घेऊन राहणारी. तिच्याबद्दल यंदाच लिहायचं कारण तुमच्यासमोरच्या खोक्यात आहे. दर दिवाळीला मी तुम्हाला परदेशी पाठवते त्या खोक्यात आठ पदार्थ असतात, यंदा एकच डबा निघाला असेल. घाबरू नका, मी बरी आहे. पण ते समजायला काशीपासून सुरुवात करावी लागेल.

काशीला गेलं की आवडीची एक वस्तू तिथे कायमची सोडून यायची, असा रिवाज आहे. त्यातला 'आवडीची' हा शब्द सगळे सोयीस्कर विसरतात. तीन वर्षांपूर्वी आम्ही चौघं यात्रेच्या बसने गेलो, तेव्हा तुमच्या आजोबांनी पपई सोडली, जी त्यांनी उभ्या जन्मात तोंडात घातली नव्हती. मी पडवळ सोडलं. भाऊजींनी, म्हणजे धाकटीच्या नवऱ्याने, दात पडल्यामुळे आपोआप सुटलेला ऊस पुन्हा एकदा विधिपूर्वक सोडला. धाकटी मात्र गुडघाभर पाण्यात इतका वेळ विचार करत उभी राहिली की मागे रांग लागली. मग म्हणाली, "गुरुजी, मी पुरनपोळी सोडते."

भाऊजी पायरीवरून घसरता घसरता वाचले. सणावारीसुद्धा खाणार नाही का, असं गुरुजींनी विचारलं.

"खाईन की. करायची सोडते. चाळीस वरसं झाली, येत न्हाई मला."

हे शास्त्रात बसत नाही, असं गुरुजींनी परोपरीने सांगून पाहिलं. ती म्हणाली, "मंग एवढ्या लांब येऊन उपेग काय? ज्यानं दर सनाला जीव खाल्ला, ते तरी हितं ठेवून जाऊ द्या."

खरं होतं ते. तिची पुरणपोळी तव्यावर पडली की पुरण आणि पोळी विभक्त व्हायची, आणि होळीच्या आधी आठ दिवस तिची झोप उडायची. त्या वर्षी होळीला तिने पोळ्या बाहेरून आणल्या, चार खाल्ल्या आणि दुपारी गाढ झोपली. एकदा ही चव लागल्यावर ती काशीला न जाताच एकेक गोष्ट सोडत सुटली. लग्नातला मानपान सोडला. कुणाला साडी, कुणाला नुसता खण, कोणते मामा कुणावर रुसलेत, हे तिला कधीच आठवत नसे. आता ती दारातच सांगते, मला काही कळत न्हाई, तुमचं तुमी मागून घ्या. माणसं ओशाळून म्हणतात, काही नको. माझ्याकडे मानपानाची तीस वर्षांची वही आहे, रकाने आखलेली, आणि तरी दोन नणंदा माझ्याशी बोलत नाहीत. पुढे तिने व्हिडिओ कॉलवर तुमच्याशी मोडकंतोडकं इंग्रजी बोलायचं सोडलं. आता ती मोबाईल कालवडीच्या तोंडासमोर धरते. तुम्ही त्या कालवडीशी अर्धा तास बोलता, माझ्याशी दहा मिनिटं. मी हे नोंदवून ठेवलं आहे.

मग तुला येतं तरी काय, असं मी एकदा चिडून विचारलं. तिने शांतपणे तीन बोटं मोजली. गाईंचं समजतं, भाकरी येते, आणि कुणाच्या घरी दुखणं असलं की जाऊन बसता येतं. हे तिसरं मी पाहिलेलं आहे. आजोबांच्या ऑपरेशनच्या वेळी भेटायला आलेल्यांपैकी निम्म्यांनी काढे सुचवले, आणि उरलेल्यांनी याच आजाराने कोण कोण गेलं ते सांगितलं. धाकटी आली, खुर्ची ओढून बसली आणि संध्याकाळी उठून गेली. त्या दिवशी आजोबा पहिल्यांदा पोटभर जेवले.

आता माझं. गेल्या वर्षीपासून उजवा अंगठा धरतो. चकलीचा सोऱ्या फिरवता येत नाही. मी कुणाला सांगितलं नाही. गेल्या दिवाळीला मी दुकानातून चकली आणली, माझ्या डब्यात भरली आणि वर माझ्या अक्षरातली चिठ्ठी चिकटवली. आजी, आतापर्यंतची सगळ्यात छान चकली, असं तुम्ही कळवलंत. तो निरोप मी वर्षभर पुन्हा पुन्हा वाचला आणि दर वेळी थोडी जास्त खोटी झाले.

यंदाही तेच करणार होते. चिठ्ठीला डिंक लावत असतानाच धाकटी दूध घेऊन आत आली. दुकानाची पिशवी तिथेच पडलेली होती. तिने पिशवीकडे पाहिलं, मग माझ्या अंगठ्याकडे.

"ताई, काशीत पडवळ सोडलंत तुमी," ती म्हणाली. "आता जरा आवडीचं सोडा."

मला राग आला. मग पोरांना पाठवू काय, असं मी विचारलं.

"चिवडा नुसता हलवायचा असतो. आन् तुमाला लिवता येतं की. मला कुटं येतं?"

म्हणून यंदा चिवडा आणि ही पानं. शेंगदाणे किंचित करपलेत, ते माझेच आहेत.

सोऱ्या घासून, पुसून, कोरडा करून मी जुन्या धोतरात गुंडाळला. माळ्यावर ठेवायच्या आधी पुन्हा एकदा सोडला आणि पुन्हा गुंडाळला. धाकटी खुर्ची ओढून शेजारी बसली होती. गाई हंबरायला लागल्या, तरी उठली नाही.